खोल बाजूची चकती

अंकासाठी तुम्ही कविता मागितली होतीत. या वेळी कविता नाही. इंजिनाचं लिहितोय. अर्ध्यावर आल्यावर कुणीतरी म्हणेल, ह्यात चळवळीचं काय आलं? म्हणू द्या. मी पण आधी तसंच म्हणत होतो.

मी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात सायडर आहे. दहावी नापास. पुढं जे काही शिकलो ते विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांवर. ओळी जुळवतो त्या रात्रपाळीत, पहाटे तीनच्या सुमाराला, डोळ्यावरची झापड जावी म्हणून. माझ्या पणजोबांनीही मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यातच जन्म काढला. त्यांना विणाई खात्यात जायचं होतं, तिथं पगार जास्त. पण तिथं धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून काढायचं असे. आपल्या माणसाची थुंकी धाग्याला लागायची, म्हणून ते खातं आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला, हे तुम्हाला पाठ आहे. मला त्यातलं एवढंच सांगायचंय, की यंत्राला जात कळत नव्हती. यंत्राला हात कुणी लावायचा हे ठरवणाऱ्याला कळत होती.

आता गाडीचं. गाडी येझदी. म्हैसूरच्या कारखान्यात १९६० नंतर चेकोस्लोव्हाकियाची जावा बनू लागली. पुढं सत्तरच्या दशकात तिथूनच ती येझदी नावानं निघू लागली, आणि १९९६ ला तो कारखाना बंद पडला. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर. गिअरचाच दांडा उलटा फिरवला की किक होते. आबांनी ती १९८८ साली सेकंडहँड घेतली. आबा तेव्हा सायझिंगमध्ये कामाला. भिशीचे पैसे उचलले, आईच्या कानातलं गेलं, आणि वस्तीत पहिली मोटरसायकल आली. नामांतराच्या सभांना आबा तिच्यावरनं जायचे. मागं एक जण बसायचा, त्याच्या मांडीवर पत्रकांचा गठ्ठा. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा आबांनी त्याच गाडीवर चार वस्त्यांत पेढे वाटले. ही गोष्ट मी एवढ्या वेळा ऐकलीय, की पेढ्यांचा वासही मला आठवतो. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.

आणखी एक गोष्ट आबा सांगायचे. आमचं मूळ गाव जवळच आहे. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. गावाच्या वेशीपासून चावडीपर्यंत एक सरळ गल्ली जाते. त्या गल्लीच्या तोंडाशी आलं की आबांची गाडी गरम व्हायची. मग आबा उतरायचे, इंजिन बंद करायचे आणि गल्ली संपेपर्यंत गाडी ढकलत न्यायचे. पलीकडं गेलं की किक मारायची, गाडी चालू.

"लय गरम व्हायची बघ," आबा हसत सांगायचे. "गाव आलं की तापायची. सवयच होती तिला."

मी लहानपणापासून ठरवलं होतं, मोठा झालो की आबांच्या गाडीचा तो फॉल्ट काढायचा.

२००६ पासून गाडी घरामागं गोणपाटाखाली पडून होती. २०२३ च्या पावसाळ्यानंतर मी ती बाहेर काढली. बोनसच्या पैशातनं इंजिन करायचं ठरवलं. शहरातल्या एका गॅरेजात घेऊन गेलो. जुन्या गाड्यांत तिथल्या मिस्त्रीचा हात चांगला, असं ऐकलं होतं. त्यानं गाडी बघितली, खूश झाला. मग आडनाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर माणूस जसा गप्प होतो तसा गप्प झाला. "ठेव बाहेर," म्हणाला. मी म्हटलं, "इंजिन उघडाल तेव्हा मला बोलवा, मला बघायचंय." तो म्हणाला, "बघून काय करणारैस? तुमच्या लोकांचं हे काम न्हवं."

तीन महिन्यांनी इंजिन गोणीत भरून परत दिलं. उघडलेलं, सुटं. म्हणाला, पार्ट मिळत नाहीत. क्रँक होता, चेंबरची दोन्ही अर्धी होती, पिस्टन होता. बारीकसारीक बरंच गेलेलं. काय काय गेलंय हे कळायलासुद्धा मला काही येत नव्हतं.

तेव्हा आपणच करू, म्हटलं. कनेक्टिंग रॉडची पिन आणि रोलर कोल्हापूरला उद्यमनगरात प्रेसवर बदलून घेतले. क्रँक सरळ करून घेतला. नवी बेअरिंगं आणली. मोबाइलवर बघून बघून जुळवाजुळव चालली होती. तिथंच पहिल्यांदा शिम हा शब्द भेटला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात क्रँक असतो. पिस्टन वरखाली होतो, त्याचं फिरणं करतो तो क्रँक. त्याला दोन्ही बाजूंनी बेअरिंगं धरतात आणि बेअरिंगं बसतात चेंबरच्या दोन अर्ध्यांमध्ये. हे दोन अर्धे एकमेकांवर बोल्टनं आवळले, की क्रँकला डावी-उजवीकडं सरकायला किती जागा उरते, हा प्रश्न असतो. फार उरली तर क्रँक आपटतो. अजिबात उरली नाही तर बेअरिंगच्या गोळ्यांवर आडवा दाब येतो. ही जागा जमवण्यासाठी क्रँकच्या खांद्यावर, बेअरिंगच्या आतल्या कड्याला टेकून, कड्यासारखी गोल पातळ पोलादी चकती घालतात. ती शिम. कागदापेक्षा थोडी जाड. इंजिन बंद झालं की ती पुन्हा कधी दिसत नाही. माझ्या गोणीत ती नव्हतीच.

एप्रिल जवळ आला होता. वस्तीतल्या पोरांनी ठरवलं, १४ एप्रिलला मिरवणुकीत आबांची येझदी पुढं. सायलेन्सर मोकळा करायचा, निळा झेंडा लावायचा. रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, "झालं का रं?" मी गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापला. कात्रीनं. गोल केला, मधे भोक पाडलं, दोन्ही बाजूंना दोन-दोन चकत्या घातल्या आणि बोल्ट आवळले. क्रँक हातानं फिरवून बघितला तर जड. दोघांनी मिळून फिरवला तर फिरला.

"चालल्यावर बसंल," एक जण म्हणाला.

मलाही तेच ऐकायचं होतं.

१४ एप्रिल २०२४. सकाळी गाडी चालू झाली. निळा धूर, तो टू-स्ट्रोकचा वास. आबा खाटेवर उठून बसले. वस्तीतल्या बाया दारात आल्या. मी म्हटलं, मिरवणूक संध्याकाळी आहे, तोवर गावी जाऊन येतो, तिथल्या वस्तीत वंदना आहे. मनात वेगळंच होतं. त्या गल्लीतनं गाडी न थांबता न्यायची, आबांचा फॉल्ट निघाला हे बघायचं.

वेशीपाशी आलो आणि पोटातनं घर्र असा आवाज आला. मग किंचाळल्यासारखा. मागचं चाक जाम. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. इंजिन बंद. किक हलेना.

उतरलो. गाडी ढकलायला लागलो. तीच गल्ली. कट्ट्यावर एक म्हातारा बसला होता, त्यानं मला ओळखलं.

"कुनाचा रं तू?"

सांगितलं.

"आसं आसं. तुझा बा पन हितनं ढकलतच न्यायचा की. उतरायचा बिचारा. कदी बसून गेला न्हाई. रीतीचा मानूस."

रीतीचा माणूस.

दोस्तांनो, म्हाताऱ्यानं ते कुचकटपणानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो कौतुकानं म्हणाला. मी गल्ली कशी संपवली मला आठवत नाही. त्याच गल्लीतला एक शाळकरी पोरगा मागनं हात लावत होता एवढं आठवतं. पलीकडं पोचल्यावर तो म्हणाला, "दादा, भारी गाडी हाय." आणि पळाला.

रात्री घरी टेम्पोतनं गाडी आणली. मिरवणूक गाडीशिवाय निघाली. मी आबांना विचारलं, "आबा, गाडी गरम का व्हायची?"

आबा बराच वेळ बोलले नाहीत. आई भांडी घासत होती, तिनं हात थांबवला.

"कधीच झाली न्हाई," आबा म्हणाले. "झ्याक गाडी होती ती."

एवढंच. त्या रात्री मला झोप नव्हती. आबा उतरायचे ते भीतीनं. एकट्यानं गल्लीत मार खायचा की वस्तीत पत्रकं पोचवायची, यातलं त्यांनी निवडलं होतं. आणि मला लाज वाटू नये म्हणून सगळा दोष गाडीवर टाकला. पण मी आज उतरलो तो कुणाच्या भीतीनं? मला कुणी अडवलं नव्हतं. मी उतरलो तो माझ्या अंदाजपंचे कामामुळं. कात्रीनं कापलेल्या पत्र्यामुळं. छत्तीस वर्षांत आपण एवढं चालत आलो आणि त्या गल्लीत मी माझ्या हातानं पुन्हा आबांना उतरवलं.

आमच्या गिरणीत एक मुसलमान फिटर होते, आता रिटायर आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. स्पिंडलच्या आवाजावरनं कुठलं बेअरिंग चाललंय ते सांगायचे. इंजिन घेऊन त्यांच्या दारात गेलो. त्यांनी आडनाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "माप कुठाय?"

"कसलं माप, चाचा?"

"शिम किती टाकली?"

"अंदाजानं टाकली. म्हटलं चालल्यावर बसेल."

"बसलं ना मग," चाचा म्हणाले. "कायमचं बसलं."

चेंबर उघडलं. पत्र्याच्या चकत्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. कात्रीनं कापलेल्या पत्र्याला काठावर धार उरते, ती धार म्हणजे वाढीव जाडी. मऊ पत्रा घासून तुटला, त्याचे तुकडे बेअरिंगमध्ये गेले, गोळ्या धरणारी जाळी फुटली. चाचांनी एक तुकडा बोटावर घेतला. त्यावर अजून सूर्यफुलाची एक पिवळी पाकळी छापलेली होती.

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. रविवारी, आणि दुसरी पाळी सुटल्यावर रात्री. आठ वर्षं मी रिंग फ्रेमवर आहे. रिंगवर ट्रॅव्हलर फिरतो, तारेचं इवलंसं वाकवलेलं कडं, वजन काही मिलिग्रॅम. सुताचा काउंट बदलला की ट्रॅव्हलरचा नंबर बदलतो. जड लावला तर धागा तुटतो, हलका लावला तर धाग्याचा फुगा फार होतो. आठ वर्षं मी ते हातानं लावतोय. कुठला नंबर का लावायचा, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. नंबर वरनं यायचा. हात आमचे, तक्ता त्यांचा. चाचांनी मला प्रथम मायक्रोमीटर हातात दिला आणि माझ्याच डोक्यावरचा एक केस मोजायला लावला. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर माझा केस सात भाग भरला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की जे डोळ्याला दिसत नाही तेही मोजता येतं.

माप असं घेतात. चेंबरचा जोड जिथं मिळतो त्या सपाटीवर पट्टी ठेवायची आणि तिथून आत बेअरिंगच्या कड्यापर्यंतची खोली डेप्थ गेजनं मोजायची. दोन्ही अर्ध्यांची वेगवेगळी. नवी बेअरिंगं सारखी बसवायची-काढायची तर त्यांचं घर सैल होतं, म्हणून चाचांनी एका जुन्या जोडीची बाहेरची कडा घासून हातानं सरकेल अशी करून घेतली होती. रुंदी नव्याएवढीच. मापासाठी ती घालायची. माझ्या इंजिनाचं माप आलं ते असं. डावी खोली ३१.४० मिलिमीटर, उजवी ३१.०० मिलिमीटर. मधला कागद दबल्यावर ०.२० चा. एकूण ६२.६०. क्रँकची एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत रुंदी ६१.६०. म्हणजे मोकळी जागा पूर्ण एक मिलिमीटर. त्यातली ०.२० क्रँकला हालायला ठेवायची असं चाचांनी ठरवलं. उरले ०.८० मिलिमीटर. एवढ्या शिम घालायच्या.

मी लगेच म्हटलं, "म्हणजे डावीकडं चाळीस, उजवीकडं चाळीस." दोन्हीकडं सारखं. बरोबर वाटत होतं. न्यायाचं वाटत होतं.

चाचांनी कप खाली ठेवला. "आणि रॉड कुठं येईल?"

मी गप्प.

"सिलिंडरचा मध्य इथं, जोडावर आहे. रॉड तिथंच यायला पाहिजे. तुझी डावी बाजू आधीच खोल आहे. दोन्हीकडं सारखी शिम घातलीस, तर क्रँक खोल बाजूलाच कलून बसेल. दिसायला सारखं, असायला तिरकं. गणित कर."

कागदावर गणित केलं. क्रँकची अर्धी रुंदी ३०.८०. डावीकडं कागदाचा अर्धा वाटा धरून ३१.५०, त्यातनं ३०.८० गेले, हालायचे ०.१० गेले, उरले ०.६०. उजवीकडं ३१.१०, त्यातनं ३०.८० आणि ०.१० गेले, उरले ०.२०. डावीकडं साठ, उजवीकडं वीस. तेव्हा कुठं रॉड मधोमध.

मी तो कागद अजून जपून ठेवलाय. दोस्तांनो, आपण चहाच्या टपरीवर, कँटीनमध्ये, लग्नात, सगळीकडं एकच वाद घालतो. समोरचा म्हणतो, "सगळ्यांना सारखं द्या की, तुम्हालाच का जास्त?" आणि आपण चिडतो, घोषणा देतो, आवाज चढवतो. मीही चढवायचो. त्या रात्री मला उत्तर आकड्यात मिळालं. खोल बाजूला जाड चकती लागते. ती चकतीवरची मेहेरबानी नव्हे, ते खोलीचं माप आहे. खोली आम्ही खोदलेली नाही. पण ती आहे, आणि ती धरली नाही तर अख्खं इंजिन तिरकं चालणार, त्यात उथळ बाजूचं बेअरिंगही जाणारच. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखायचा हुकूम काढला. त्यांनी आधी दरबारातल्या नोकऱ्यांत कोण किती आहेत ते बघितलं होतं. म्हणजे आधी खोली मोजली, मग चकती घातली.

आणि मोजायचं म्हटलं की कोण कसा दचकतो तेही बघा. १९३१ नंतर देशाच्या जनगणनेत सगळ्या जातींचा आकडा पूर्ण मोजून कधी मांडला गेला नाही. आपल्या अनुसूचित जाती-जमातींची मोजणी होते, बाकीच्यांची नाही. ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारनं पुढच्या जनगणनेत जात मोजायचं ठरवलं. एका बाजूची खोली लिहायची आणि दुसऱ्या बाजूची कोरी सोडायची, असं इंजिन कुणी जुळवत नाही.

पण मला आपल्यालाही एक विचारायचंय. आपण तरी मोजतो का? आपल्या वस्तीत किती पोरी दहावीनंतर घरी बसल्या? गिरणीत आपली किती माणसं कायम, किती ठेकेदाराकडं? मी आमच्या शाखेत विचारलं. "लय आहेत," म्हणाले. लय म्हणजे किती? भाषणात 'लय' चालतं. चालल्यावर बसेल, असं आपणही म्हणतोच की.

०.२० ची ती मोकळीकही सांगतो, कारण तिच्यावर मी चाचांशी भांडलो. मला वाटे, घट्ट तेवढं चांगलं. चाचा म्हणाले, चेंबर ॲल्युमिनियमचं, क्रँक पोलादी. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. इंजिन ऐंशी अंशांनी तापलं तर ह्या रुंदीवर थंडीतले वीस भाग गरमीत पंचवीस होतात. मी म्हटलं, मग थंडीत शून्य ठेवू, तापल्यावर आपोआप जागा होईल. ते म्हणाले, आधी आत तापतं, बाहेरचं मागनं तापतं. त्या मधल्या वेळात जागा नसली तर गोळ्या मरतात. आत तापलेल्याला हालायला जागा पाहिजे, बाहेरचं तापेपर्यंत. एवढं बोलून ते बिडी पेटवायला उठले. ह्याच्यावर मी काही लिहीत नाही. ज्यानं रात्रपाळी केलीय त्याला कळेल.

शिम ह्या वेळी पोलादी पट्टीतनं उद्यमनगरात कापून, घासून आणल्या. प्रत्येक चकती चार ठिकाणी मोजली. बेअरिंग बसवायचा दिवस आईला लक्षात राहील. चेंबर तापवायचं होतं. भाकरीच्या तव्यावर चेंबरचं अर्धं ठेवलं.

"आरं, तव्यावर इंजिन?" आई ओरडली.

"आई, भाकरीएवढंच भाजायचंय."

पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडाला पाहिजे, म्हणजे शंभरच्या पुढं गेलं. तेवढ्यात शेजारच्या काकूंच्या फ्रिजमधनं बेअरिंग आणलं, रात्रभर बर्फात ठेवलेलं. एवढ्या तापात त्या घराचं भोक मिलिमीटरच्या एक दशांशानं मोठं होतं. हातोडा लागला नाही. बेअरिंग घरात सोडलं आणि ते टप् करून खाली बसलं. आई बघत होती. "आपसूक गेलं की," म्हणाली. पहिल्या वेळी मी तेच बेअरिंग लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकून घातलं होतं.

सगळं थंड झाल्यावर बोल्ट आवळले. चाचांनी डायल गेज लावला. क्रँक हातानं एकीकडं ढकलला, मग दुसरीकडं ओढला. काटा अठरा भाग हलला. गणितात वीस, प्रत्यक्षात अठरा. माझा जीव खाली-वर. चाचा म्हणाले, "कागद थोडा जास्त दबला. चालतंय." मग म्हणाले, "फिरव." मी क्रँकच्या टोकाला दोन बोटं लावली. दोन बोटांनी फिरला. मागच्या वेळी दोन माणसं लागली होती.

इंजिन फ्रेममध्ये चढवलं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं. तिसऱ्या किकला गाडी लागली. आबा खाटेवरनं उठून आले. बोलले नाहीत. खाली वाकले आणि चेंबरवर तळहात ठेवला. तसाच ठेवून राहिले. मी घड्याळ बघितलं नाही, पण बराच वेळ.

२१ मार्च २०२५. माणगावला निघालो. १९२० साली ह्याच तारखेला तिथं परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते, शाहू महाराज आले होते. आबांना मागं बसवलं. वाट वाकडी केली आणि आधी गावी नेलं. वेस आली. मी दुसरा गिअर टाकला. माझ्या खांद्यावर आबांचा हात होता, तो घट्ट झाला. आरशात बघितलं तर आबांचा उजवा पाय फूटरेस्टवरनं उचललेला. उतरायच्या तयारीत. एकसष्ट वर्षांचा माणूस. कुणी थांबवलं नव्हतं, कट्टा रिकामा होता. पायाला मात्र गल्ली माहीत होती.

मी थांबलो नाही. चावडी आली, मागं गेली. तेव्हा कुठं पाय खाली टेकला.

पुढं फाट्यावर चहाला थांबलो. आबांनी चहा अर्धा पिला आणि गाडीकडं बघत म्हणाले, "गरम झालीय का बघ जरा."

मी बघितलं. आबा हसत होते.

दोस्तांनो, इंजिन अजून चालतंय. चाचांनी मायक्रोमीटर आणि डायल गेज मला दिलाय. घरात ठेवून काय करू? दर रविवारी सकाळी, वंदना झाली की विहाराच्या मागच्या पडवीत मी तो घेऊन बसतो. सध्या चौघं येतात, त्यात आयटीआयची एक पोरगी आहे, तिचा हात माझ्यापेक्षा बरा. मोटरसायकल आणायची गरज नाही. एखादी जुनी चकती घेऊन या, नसली तर डोक्यावरचा केस चालेल. तिथूनच सुरू करू.